स्टीम ज्यूसरवर घरचा रस: लक्ष फळापेक्षा पाण्याकडे हवं

मार्चमध्ये द्राक्षं, एप्रिल-मेमध्ये करवंदं, जूनच्या तोंडाला जांभळं. कोल्हापुरात फळ येतं ते एकदम येतं आणि एकदम संपतं. स्वस्त मिळाली म्हणून पाच किलो द्राक्षं घरी येतात, दोन दिवस सगळे आवडीनं खातात आणि तिसऱ्या दिवशी घडातले मणी गळायला लागतात. अशा फळाचा ठेवणीचा रस काढायचा असेल तर स्टीम ज्यूसरसारखं सोयीचं भांडं नाही. मिक्सरमधला रस लगेच पिऊन टाकायचा असतो. तो ठेवला की काळपट पडतो, थर धरतो, आंबतो. वाफेवर काढलेला रस नितळ येतो, गाळावा लागत नाही आणि निघतानाच गरम असल्यामुळे नीट भरला तर महिनोन्‌महिने टिकतो.

आधीच सांगायला हवं, की हा शिजवलेला रस आहे. ताज्या रसाचा वास आणि चव यात पूर्ण येत नाही, आणि क जीवनसत्त्वाचा काही भाग उष्णतेनं जातोच. सकाळी ग्लासभर ताजा रस प्यायचा असेल त्यांनी या भानगडीत पडू नये.

भांडं नेमकं काय असतं

तीन भांडी एकावर एक बसतात आणि वर झाकण. सगळ्यात खाली पाण्याचं भांडं. त्याच्यावर रसाचं भांडं, ज्याच्या मधोमध वर निमुळतं होत गेलेलं उंच नळकांडं असतं आणि बाजूला खाली एक तोटी. तिसरं जाळीचं भांडं, म्हणजे खोल चाळणीच म्हणा, त्यात फळ भरायचं. तोटीला सिलिकॉनची नळी आणि नळीला चिमटा.

काम साधं आहे. खालचं पाणी उकळतं, वाफ मधल्या नळकांड्यातून वर चढून फळात शिरते. फळाच्या पेशी उष्णतेनं फुटतात, रस सुटतो आणि जाळीतून खाली ठिबकतो. नळकांडं उंच असल्यामुळे तो पाण्यात न पडता त्याच्या भोवतीच्या भांड्यात साठतो. चिमटा सोडला की नळीतून बाहेर येतो. ना मोटर, ना पातं, ना गाळणं.

महाद्वार रोडवरच्या भांड्यांच्या दुकानांत विचारलंत तर बहुतेक वेळा मोमो स्टीमर पुढे येईल. तो चालणार नाही, कारण त्याला मधलं नळकांडंही नसतं आणि तोटीही नसते. स्टीम ज्यूसर ऑनलाइन मागवावा लागतो. घेताना तीन गोष्टी बघा. भांडं स्टीलचं हवं, कारण करवंद, कोकम असली आंबट फळं ॲल्युमिनियमला खातात आणि रसाला धातूची चव येते. इंडक्शनवर ठेवणार असाल तर तळाला चुंबक चिकटतो का ते पाहा. आणि जाळीच्या भांड्यात चार किलो तरी द्राक्षं मावली पाहिजेत. त्याहून लहान भांड्यात दीड-दोन तास गॅस जाळून हाती दोन बाटल्या येतात, ते परवडत नाही.

कोल्हापुरात आणखी एक वाट आहे. उद्यमनगरात स्टीलचं काम करणारे फॅब्रिकेटर आहेत, त्यांच्याकडून मधलं भांडं बनवून घेता येतं आणि वर-खाली घरातलीच मापाची पातेली वापरता येतात. तसं करायचं असेल तर ३०४ ग्रेडचा पत्रा आणि आर्गॉन वेल्डिंग सांगा. डाग मारून जोडलेलं किंवा पितळी तोटी बसवलेलं भांडं आंबट रसासाठी घेऊ नका. नळकांड्याचा जोड आतून गुळगुळीत घासून घ्या, नाहीतर त्या खाचेत रस अडकून तिथेच बुरशी धरते. घ्यायच्या आधी भांड्यात पाणी भरून तासभर ठेवा, जोडातून एक थेंबही गळता कामा नये.

कोणतं फळ घ्यायचं, कोणतं नाही

काळी द्राक्षं या भांड्यासाठीच जन्माला आलीत असं वाटावं इतका त्यांचा रस सुरेख निघतो. रंग सालीत असतो आणि वाफ तो पूर्ण ओढून घेते. शरद किंवा जम्बोसारखी काळी जात मिळाली तर तीच घ्या. थॉम्पसन, सोनाका, माणिक चमन या हिरव्या जातींचा रस गोड होतो पण फिका आणि सपाट लागतो. त्यात निम्मी काळी द्राक्षं किंवा थोडा लिंबाचा रस हवाच. नवशिक्यानं पहिला घाणा काळ्या द्राक्षांचा करावा.

जांभळाचा रस मिक्सरवर काढताना बी फुटून तुरट होतो. इथे बी अख्खी राहते, हा मोठा फायदा. तरीही फार वेळ वाफवलं तर बियांचा आणि सालीचा तुरटपणा उतरतोच, म्हणून वेळेचं बंधन पाळायचं.

करवंदं गगनबावडा, राधानगरी, आंबा घाटाच्या बाजूनं येतात. पूर्ण काळी आणि मऊच घ्या. लाल, अर्धकच्च्या करवंदातून पांढरा चीक सुटतो, तो जाळीच्या भोकांना चिकटतो आणि साबणानं निघत नाही. चीक लागलाच तर धुण्याआधी तेलाचा हात फिरवायचा, मग साबण.

पेरू, अननस, स्ट्रॉबेरी, सफरचंद, डाळिंबाचे दाणे हेही चालतात. डाळिंबाची पांढरी पापुद्री एक तुकडाही जाऊ देऊ नका, रस कडू होतो.

आंबा, चिकू, केळं, पपई, सीताफळ या गराच्या फळांना हे भांडं नाही. गर जाळीवर बसतो, भोकं बुजतात आणि खाली येतं ते नुसतं वाफेचं पाणी. संत्री-मोसंबी वाफवली की सालीचा आणि बियांचा कडवटपणा रसात उतरतो. कलिंगडाची चव वाफेत मरते. आवळ्याचा रस निघतो, पण थोडा. आवळा किसून फडक्यातून पिळलेलाच बरा.

यात सुरक्षिततेचाही मुद्दा आहे. द्राक्षं, करवंद, कोकम, अननस, स्ट्रॉबेरी ही आंबट फळं, त्यांच्या रसात घातक जंतू वाढत नाहीत. पपई, चिकू, कलिंगड, केळं ही कमी आंबट. त्यांचा रस कसाही काढलात तरी बाटलीत भरून फडताळात ठेवायचा नाही. काढायचा, फ्रिजमध्ये ठेवायचा, संपवायचा.

आदल्या दिवशीची तयारी

द्राक्षं मोठ्या पातेल्यात पाणी आणि मूठभर मीठ घालून १५ मिनिटं बुडवा, मग वाहत्या पाण्याखाली दोनदा धुवा. औषधांच्या फवारण्या झालेल्या असतात, ही पायरी गाळू नका. नंतर मणी देठापासून सुटे करा. काम कंटाळवाणं आहे, घरातल्या पोरांना बसवा. पण देठासकट घड टाकला तर रसाला हिरवट, तुरट चव येते. सडके, बुरशी लागलेले मणी बाजूला काढा. उष्णतेनं बुरशी मरते, तिची चव मात्र रसात राहते.

जांभळं, करवंदं कापायची नाहीत. पेरूचा शेंडा-देठ काढून आठ फोडी करा, साल राहू द्या. अननसाची साल आणि डोळे काढून साधारण दोन सेंटिमीटरच्या फोडी करा. स्ट्रॉबेरीची हिरवी टोपी काढा. सफरचंदाच्या फोडी करताना मधला बियांचा भाग टाकून द्या.

फळ फ्रिजमधून काढून थेट भांड्यात टाकू नका. गार फळावर वाफ आदळली की तिचं पाणी होतं आणि तेच खाली रसात पडतं. रस पातळ आल्याच्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथे असतं. दोन तास आधी बाहेर काढून घरच्या हवेवर येऊ द्या. उलट, फ्रीजरमध्ये गोठवलेलं फळ पूर्ण वितळू दिलं तर उत्तम रस देतं, कारण गोठताना पेशी आधीच फुटलेल्या असतात. वितळताना सुटलेला रस फेकू नका, फळाबरोबर जाळीत ओता.

बरण्यांचंही आदल्या दिवशीच बघा. काचेच्या, धातूच्या पिळाच्या झाकणाच्या बरण्या किंवा बाटल्या हव्यात, झाकणं नवी. जुन्या झाकणाच्या आतली रबरी कड एकदा दबली की पुन्हा हवाबंद बसत नाही. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या गरम रसानं आक्रसतात, त्या नकोतच. काठाला टवका गेलेली बाटलीही नको.

प्रत्यक्ष काम

खालच्या भांड्यात पाणी भरा. वर किती जागा सोडायची? रसाच्या भांड्याचा तळ पाण्याला टेकू नये इतकी, म्हणजे दोन-तीन सेंटिमीटर. मध्यम आचेवर तासाला लिटर-सव्वा लिटर पाणी सहज आटतं, तेव्हा दीड तासाच्या कामाला तीन लिटर पाणी असलं की निर्धास्त. पाण्यात छोटी स्टीलची वाटी उपडी टाकून ठेवा. पाणी उकळतंय तोवर ती खडखडत राहते, आवाज थांबला की पाणी संपत आलं असं समजायचं. लिंबाची एक फोड टाकली तर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर तळाला कमी धरतो.

आता रसाचं भांडं बसवा, नळी लावा आणि चिमटा बंद आहे ना ते हातानं दाबून पाहा. हे विसरलं की पहिला रस ओट्यावर. नळी शेगडीच्या ज्योतीपासून लांब, ओट्याच्या कडेनं खाली सोडलेली असावी. बर्नरच्या बाजूला वळली तर जळते. सगळ्यात सोपं म्हणजे ओट्याशेजारी स्टूल ठेवून त्यावर स्टीलचं पातेलं ठेवायचं. नळीचं तोंड तोटीपेक्षा खाली असलं की रस आपोआप उतरतो.

जाळीच्या भांड्यात फळ भरा, काठापासून दोन बोटं रिकामं. दाबून भरू नका, वाफेला फिरायला जागा हवी. साखर घालायची असेल तर थराथरात पेरा. चार किलो काळ्या द्राक्षांना साखर लागत नाही, घातलीच तर १०० ग्रॅम. तीन किलो जांभळांना २०० ते २५० ग्रॅम. करवंदांना किलोमागे १५० ग्रॅम तरी हवी. साखर फळातलं पाणी ओढते म्हणून रस लवकर सुटतो, आणि ती रसाबरोबर विरघळून खाली येते, वेगळी ढवळावी लागत नाही.

गूळ इथे घालू नका. कोल्हापुरात बसून हे लिहिणं धाडसाचं आहे, पण कारण आहे. उसाचा रस शुद्ध करताना गुऱ्हाळात चुना वापरतात, त्यामुळे गुळानं फळरसाचा आंबटपणा थोडा कमी होऊ शकतो, आणि टिकायचं सगळं बळ त्या आंबटपणातच असतं. शिवाय रस गढूळ होतो. जांभळाचं सरबत करताना ग्लासात गूळ घालून बघा, तिथे तो छान लागतो.

झाकण लावा आणि मोठ्या आचेवर ठेवा. पाणी उकळून झाकणाच्या कडेनं वाफ दिसायला १५-२० मिनिटं लागतात. तिथून आच मध्यम करा आणि घड्याळ लावा. वेळ मोजायची ती इथून, गॅस पेटवल्यापासून नाही. मोठ्या आचेनं रस जास्त येत नाही, वाफेचं पाणी जास्त येतं.

स्ट्रॉबेरीला ४५ मिनिटं पुरतात. द्राक्षं, करवंदं, डाळिंबाचे दाणे यांना एक तास. जांभळं एक तास, फार तर सव्वा. अननस सव्वा तास. पेरू आणि सफरचंद दीड तास. सारखं झाकण उघडून बघू नका. प्रत्येक उघडझापेला आतली उष्णता जाते. उघडावंच लागलं तर झाकणाची पलीकडची कड आधी उचला, म्हणजे वाफ तुमच्या तोंडावर येणार नाही.

साधारण अर्ध्या तासानं चिमटा सोडून रस पातेल्यात काढून घ्या आणि पुन्हा दर पंधरा-वीस मिनिटांनी काढत राहा. रसाचं भांडं भरून नळकांड्याच्या वरच्या काठापर्यंत आलं तर रस नळकांड्यातून खालच्या पाण्यात पडतो. तो तिथे आटतो, करपतो आणि जळक्या साखरेचा वास वरच्या सगळ्या घाण्याला लागतो. द्राक्षांसारख्या भरपूर रसाच्या फळात हे तासाभरातच होऊ शकतं. खालचं पाणी लाल किंवा जांभळं झालेलं दिसलं तर हेच झालंय.

पाणी मध्येच कमी पडलं तर गॅस बंद करा, आधी साठलेला रस काढून घ्या, मग दोघांनी मिळून वरची दोन्ही भांडी उचला आणि उकळतं पाणी घाला. गार पाणी घातलं तर वाफ थांबते आणि पुन्हा पंधरा मिनिटं वाट पाहावी लागते. कोरड्या तापलेल्या भांड्यात तर गार पाणी कधीच नाही, तळ वाकतो.

संपायच्या पाच-दहा मिनिटं आधी शेवटची एक गोष्ट. पहिल्यांदा काढलेल्या रसातला अर्धा लिटर परत फळावर ओता. सुरुवातीचा रस आणि शेवटचा रस दाटपणात वेगळे असतात, आणि नळीत अडकलेला पहिला रस पुरेसा तापलेलाही नसतो. परत ओतल्यानं दोन्ही सारखं होतं.

गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं तसंच राहू द्या, ठिबकणं थांबेल. चोथा डावानं दाबून उरलासुरला रस काढायचा मोह होतो. नका करू. दाबलं की गर खाली येतो, रस गढूळ होतो आणि जांभळाचा तर तुरट. चार किलो काळ्या द्राक्षांतून अडीच ते तीन लिटर रस येतो, तीन किलो जांभळांतून सव्वा ते दीड लिटर. एवढ्यावर समाधान मानायचं.

भरणं

निम्म्या लोकांचा रस इथे बिघडतो. बरण्या धुऊन मोठ्या पातेल्यात पाण्यात बुडवून १० मिनिटं उकळा आणि भरेपर्यंत त्याच गरम पाण्यात ठेवा. बरणी बाहेर काढून कडाप्प्याच्या किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर थेट ठेवू नका. थंड दगडावर गरम काच ठेवली आणि वर गरम रस ओतला की तळ गोल कापल्यासारखा सुटतो आणि लिटरभर रस ओट्यावर पसरतो. लाकडी पाट किंवा चार घड्यांचं फडकं घ्या.

साठवलेला सगळा रस पातेल्यात एकत्र करून थर्मामीटरनं तपासा. ८५ अंशांच्या खाली असेल तर मंद आचेवर ८५ ते ९० पर्यंत तापवा. उकळू देऊ नका, चव उतरते. जांभूळ किंवा गोड हिरव्या द्राक्षांचा रस असेल तर लिटरमागे दोन मोठे चमचे लिंबाचा रस घाला. रंगही उजळतो आणि टिकायला मदत होते. वरचा फेस चमच्यानं काढा. काठापासून सुमारे एक सेंटिमीटर जागा सोडून भरा, काठ स्वच्छ ओल्या फडक्यानं पुसा, झाकण लावा. काठावर साखरेचा थेंब राहिला तर झाकण बसल्यासारखं वाटतं पण बसत नाही.

फडताळात ठेवायचा असेल तर भरलेल्या बरण्या मोठ्या पातेल्यात, तळाला फडकं घालून, झाकणाच्या वर दोन बोटं येईल एवढ्या गरम पाण्यात ठेवा आणि पाणी उकळायला लागल्यापासून १० मिनिटं उकळा. समुद्रकाठी ५ मिनिटं पुरतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून वेळ जास्त. मालवणच्या मावशीनं सांगितलेली वेळ इथे धरून चालणार नाही.

बरण्या बाहेर काढून, वाऱ्याच्या झोतापासून दूर, टॉवेल पांघरून रात्रभर सोडा. सकाळी झाकणाच्या मध्यावर बोटानं दाबा. मधला भाग आत ओढलेला आणि घट्ट असेल तर बरणी बंद झाली. टकटक वर-खाली होत असेल तर ती फ्रिजमध्ये आणि आठवड्यात संपवायची. नीट बंद झालेली अंधाऱ्या, थंड जागी वर्षभर टिकते, पण रंग आणि वास पहिल्या सहा महिन्यांतच उत्तम असतो. तारीख आणि फळाचं नाव लिहून चिकटवा, करवंद आणि जांभूळ रंगावरून ओळखता येत नाही.

हा सगळा खटाटोप नको असेल तर रस गार करून फ्रीजरमध्ये टाका. डब्यात दोन-तीन बोटं जागा सोडा, गोठताना रस फुगतो.

टिकाऊ पावडरी घालायची गरज नाही. घालायचीच म्हटली तर एवढं लक्षात असू द्या, की पोटॅशियम मेटाबायसल्फाइट रंगीत रसाचा रंग उडवतं आणि दम्याच्या माणसाला त्रास देऊ शकतं. रस घरापुरता असेल तर ठीक. विकायचा विचार असेल तर एफएसएसएआयची नोंदणी आधी करावी लागते.

बिघडलं तर

रस येतच नाही: झाकण सैल आहे, खालचं पाणी संपलंय किंवा फळ दाबून भरलंय. झाकणाच्या एकाच बाजूनं जोरात वाफ येत असेल तर झाकण वाकडं बसलंय.

द्राक्षाच्या बरणीत तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे कण दिसतात. काच नाही ती. द्राक्षातल्या टार्टरिक आम्लाच्या क्षाराचे ते खडे असतात, अपाय काही नाही. रस दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून वरचा नितळ रस अलगद ओतून घेतला आणि मग पुन्हा तापवून भरला, तर ते दिसत नाहीत.

पेरूचा किंवा करवंदाचा रस बाटलीत गोठल्यासारखा झाला, तर फळात पेक्टिन जास्त होतं. अर्धकच्च्या पेरूत ते भरपूर असतं. रस वाया गेलेला नाही, त्याची जेली करा. पुढच्या वेळी पूर्ण पिकलेले पेरू घ्या.

झाकण फुगलं, उघडताना फस्स झालं, बुडबुडे दिसले किंवा वर बुरशीची साय आली तर सगळी बरणी ओतून द्या. वरची बुरशी काढून खालचा रस पिण्यात काटकसर नाही.

प्यायचा कसा

द्राक्षाचा रस एकास एक पाणी घालून गार प्या. जांभूळ आणि करवंद एकास दोन पाणी, चिमूटभर काळं मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. साखर घातली नाही म्हणून द्राक्षाचा रस मधुमेहाला चालतो असं नाही, द्राक्षातच साखर भरपूर असते.

चोथ्यात पेरूचा चोथा सर्वांत कामाचा. पुरणयंत्रातून काढला की बिया वर राहतात आणि मऊ गर खाली येतो. गराच्या निम्मी साखर घालून जाड बुडाच्या कढईत कडा सुटेपर्यंत आटवा आणि तूप लावलेल्या ताटात थापा. वड्या चांगल्या पडतात. द्राक्षांच्या आणि जांभळांच्या चोथ्यात विशेष काही उरत नाही, तो खतात.

भांडी गार व्हायची वाट न बघता नळी आधी काढून तिच्यातून गरम पाणी सोडा. रस आत वाळला की नळीला आतून काळे ठिपके येतात, ते घासता येत नाहीत आणि नळी टाकूनच द्यावी लागते. धुतलेली नळी दोन्ही तोंडं खाली करून दांडीवर टांगा, गुंडाळून ठेवू नका. तळाला पांढरा थर धरला असेल तर पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घालून दहा मिनिटं उकळा. जाळीची भोकं उजेडाकडे धरून तपासा, बुजलेली असतील तर जुन्या टूथब्रशनं बाहेरच्या बाजूनं घासा. पुढच्या हंगामापर्यंत ठेवताना भांडी एकात एक घाला, पण झाकण लावू नका.